समोरचा ऐकत नाही तेव्हा

5 नोव्हेंबर 1817 च्या दुपारी पुण्याजवळ गणेशखिंडीलगतच्या माळावर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाने इंग्रजांच्या फळीवर धाव घेतली. मधे दलदल होती, ती कुणाला दिसली नाही. घोडे रुतले, रांगा विस्कटल्या आणि समोरच्या पायदळाने जागा न सोडता फैरी झाडल्या. त्या फळीत बरेचसे हिंदी शिपाईच होते. पेशव्यांकडचे सुमारे 500 जण मेले वा जखमी झाले; इंग्रजांकडचे 86. खडकीच्या या पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, पण पट्टा-तलवार चालवण्यात मराठा स्वार उणा होता, हे त्यांत नाही. घोडा अंगावर येत असताना पाय रोवून उभं राहण्याची सवय समोरच्यांना कवायतीने लावली होती. हत्यार चालवता येणं आणि जीव घाबरलेला असताना ते चालवता येणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तालमीने येतात.

आज त्याच खडकीत, बाजारालगतच्या गल्ल्यांत आणि कारखान्यांच्या वसाहतींत, आईबापांपुढे साधा प्रश्न असतो: पोरीला लाठीकाठीला घालायचं, कराटेला की बॉक्सिंगला? मर्दानी खेळाचा अभिमान बाळगणारे एका बाजूला, ‘एमएमए’चे, म्हणजे मिश्र झुंजींचे, व्हिडिओ बघणारे दुसऱ्या बाजूला, आणि वाद जुनं की नवं यावर अडकतो. मला ही वाटणीच चुकीची वाटते. विचारायचं ते एवढंच, की रोजच्या सरावात समोरचा माणूस खरोखर विरोध करतो का?

उन्हाळी शिबिरातला हमखास धडा घ्या. एकाने मनगट धरायचं, दुसऱ्याने धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून झटक्यात सोडवायचा. युक्ती खरी आहे, कारण पकडीतली कच्ची जागा तीच. पण शिबिरातला जोडीदार मनगट धरून नुसता उभा असतो. रस्त्यावरचा माणूस ओढतो, ढकलतो, दुसऱ्या हाताने केस धरतो. अशा ओढाताणीत मुलीने हात एकदाही सोडवून पाहिला नसेल, तर ती युक्ती ऐन वेळी आठवत नाही.

या बाबतीत आपली कुस्ती जुनी असूनही अगदी आधुनिक आहे. तालमीत पहिलवान जोर-बैठका मारतो, पण त्याला घडवते ती हौद्यातली लढत. एकेरी पट काढायला खाली गेलं, की समोरचा पाय मागे टाकून सगळं वजन मानेवर देतो, तोंड लाल मातीत घुसतं, श्वास कोंडतो, आणि तशातच पुढचा डाव सुचावा लागतो. हाडं मोडणारे, सांधे निखळवणारे प्रकार वगळले म्हणूनच हे रोज पूर्ण ताकदीनिशी करता येतं. जपानात जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला तेव्हा हेच केलं. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार मोकळ्या झुंजीतून काढले आणि उरलेल्यांचा सराव न ऐकणाऱ्या जोडीदारावर करायला लावला. त्यांच्या परंपरेतले ज्युदोपटू माएदा पुढे ब्राझीलला गेले, तिथे ग्रेसी कुटुंबाने त्यांची विद्या उचलली, आणि 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या, मिश्र झुंजींच्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत किरकोळ अंगाच्या रॉइस ग्रेसीने वेगवेगळ्या विद्यांचे गडी नमवले. जीवघेणे म्हणून मिरवले जाणारे डाव कुणावर करूनच बघता येत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

मग दांडपट्टा टाकाऊ का? मुळीच नाही. मनगट वाकू न देता अख्ख्या खांद्यातून पातं फिरवणं काय असतं, ते कोल्हापूरच्या आखाड्यात बघावं. 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, तो योग्यच आहे. पण तो घेऊन कुणी पीएमपीच्या बसमध्ये चढणार नाही. लाठीचं तसं नाही. तिच्या पवित्र्यांनी पाय हलके होतात, अंतराचा अंदाज येतो, चारी बाजूंना नजर ठेवायची सवय लागते. फक्त नुसत्या फेकीवर न थांबता समोर लाठी घेतलेला गडी हवा.

बॉक्सिंगचाही उदो उदो डोळे झाकून करू नये. ठोसा खाऊनही डोळे उघडे ठेवायला तितक्या लवकर दुसरं काही शिकवत नसेल. पण रिंगणात एकच गडी असतो, तोही वजनी गटातला, आणि हाताला पट्टी-ग्लोव्ह असतात. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’च म्हणतात. कुस्तीचीही मर्यादा आहेच: कुस्तीगीराने डांबरी रस्त्यावर गड्याला खाली घेतलं आणि त्याचे दोन साथीदार आले, तर वर बसलेलाच मार खातो. म्हणून रस्त्यावर धक्का द्यावा, सुटावं, पळावं, मदतीसाठी 112 फिरवावा. कायद्याचाही कल तिकडेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांनी बचावाचा हक्क दिला आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे 900 विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना 12 तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के, तर इतरांत 9.8 टक्के राहिलं. त्या 12 तासांत हातापायांचे डाव थोडेच होते. धोका बहुधा ओळखीच्या माणसाकडून येतो हे ओळखणं, त्याचं मन दुखावेल हा संकोच सोडणं आणि मोठ्याने ‘नाही’ म्हणणं यावर बराच भर होता. आपल्याकडे शेजारचा काका, नात्यातला दादा यांच्यापुढे आवाज चढवायची मुभा मुलीला घरातूनच मिळत नाही. ती आधी द्या, क्लासची फी नंतर भरा.

क्लास निवडताना एक दिवस कोपऱ्यात बसून तास बघा. झटापट होते का, नवख्या पोरीचा डाव फसतो का, आणि फसल्यावर शिकवणारा तिला ओरडण्याऐवजी पुन्हा उभं करतो का, एवढं तासाभरात दिसतं. जवळच्या तालमीत मुलींना घेत असतील तर तिथेही चौकशी करा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीत झाली आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. तालमीत मुलींसाठी वेगळी वेळ आणि कपडे बदलायला एक खोली ठेवायला वस्तादांना फार खर्च येत नाही. पालकांनी मिळून मागणी तरी करायला हवी.