हात 'तो' की 'ती'? स्पॅनिश शिकताना सगळ्यांना अडवणारा प्रश्न

स्पॅनिशचं अ‍ॅप डाउनलोड केलं, 'ओला' म्हणून झालं, आणि पुढच्याच काही धड्यांत टेबल स्त्रीलिंगी निघतं. 'ला मेसा'. इथे बरेच जण वैतागतात.

खरं तर इंग्रजी बोलणाऱ्याने वैतागावं, मराठी माणसाने नाही. खुर्ची ती, पंखा तो, हे आपण नियम न घोकताच बोलतो. उलट मराठीत तीन लिंगं आहेत, स्पॅनिशमध्ये नामांना दोनच. लॅटिनमधलं नपुंसकलिंग वाटेत गळालं आणि त्यातले बरेच शब्द पुल्लिंगात गेले. विशेषणही मराठीसारखंच बदलतं: पांढरा घोडा, पांढरी गाय, 'एल काबायो ब्लांको', 'ला बाका ब्लांका'.

नवीन आहे ते आर्टिकल. पुल्लिंगी एकवचनाला 'एल', स्त्रीलिंगीला 'ला'. अनेकवचनात 'लोस' आणि 'लास'. 'एक' या अर्थाने 'उन' आणि 'उना'. मराठीत असं काही नसल्यामुळे ते हमखास विसरलं जातं. आणि इंग्रजीवर भरवसा ठेवूनही भागत नाही. 'मला कॉफी आवडते' एवढं सांगतानाही स्पॅनिशमध्ये 'एल काफे' म्हणावं लागतं.

शेवटी 'ओ' असेल तर पुल्लिंगी, 'आ' असेल तर स्त्रीलिंगी, हा नियम बऱ्यापैकी चालतो. पण हात 'ला मानो' आहे, कारण मूळ लॅटिन 'मानुस' स्त्रीलिंगी होता. 'फोतो' स्त्रीलिंगी, कारण तो 'फोतोग्राफिया'चा तुकडा. 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'इदिओमा' हे ग्रीकमधून आलेले शब्द मात्र पुल्लिंगी.

सगळ्यात फसवं पाणी. 'एल आग्वा' दिसायला पुल्लिंगी, पण थंड पाणी 'एल आग्वा फ्रिया' आणि अनेकवचन 'लास आग्वास'. म्हणजे शब्द स्त्रीलिंगीच. सुरुवातीच्या 'आ'वर जोर असला की एकवचनात सहसा 'ला'ऐवजी 'एल' लागतं, एवढंच.

मराठीवरून अंदाज बांधायला गेलं तर फसगत ठरलेली. आपला चंद्र 'तो', त्यांची 'ला लूना'. आपलं दूध 'ते', त्यांची 'ला लेचे'. त्यामुळे 'लूना' असं सुटं पाठ न करता 'ला लूना' असंच पाठ करणं सोपं पडतं.

आर्टिकल चुकलं तरी समोरचा बहुतेक वेळा समजून घेतो. काही शब्दांत मात्र अर्थच पालटतो. 'एल कोमेता' धूमकेतू, 'ला कोमेता' पतंग. लॅटिन अमेरिकेत 'ला पापा' म्हणजे बटाटा आणि 'एल पापा' म्हणजे पोप. तळून मागवायचा असेल तर 'ला'च बरा.