मांड्यांतलं बळ

समजा, हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती उचलणारा एक गडी आहे. त्याला दमा जडला. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. दम कमी झाला. पण दोन महिन्यांनी हात टेकल्याशिवाय उठवेना.

असं का झालं? ही गोळी स्टेरॉइडची. ती सूज उतरवते, पण फार दिवस घेतली तर स्नायू झिजवते. मांड्या आधी दुबळ्या होतात. तोंड गोल दिसतं, लोक म्हणतात, ‘गडी सुधारला!’ ती सुधारणा नव्हे. तालमीत चोरून घेतात ते स्टेरॉइड निराळं; तेही घातकच.

मग गोळी सोडावी का? आम्ही म्हणतो, आपल्या मनानं मुळीच नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी असाच रस रोज तयार करतात. गोळीमुळे त्या सुस्तावतात. गोळी एकदम सोडली तर जिवावर बेततं. डॉक्टरच ती हळूहळू कमी करतात.

तोवर डॉक्टरांना विचारून ओट्यावर बसावं, हात न टेकता उठावं. सकाळी १० वेळा, सांजेला १० वेळा. रोज चालावं. ताटात घट्ट वरण, हरभरे, दूध, अंडी असावीत. हाडंही ठिसूळ होतात, म्हणून पोत्याला लगेच हात लावू नये. मांड्या भरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.