माळवदाचे घर : पाडावे की दुरुस्त करावे? आमचा हिशेब

आमचा धंदा कपड्याचा. सोलापुरी चादर, टॉवेल, नॅपकिन. विटा-सिमेंटशी आमचा संबंध दुकानाचे भाडे भरण्यापुरता. तरीही या पानावर घराबद्दल लिहायला बसलो आहोत, कारण मागच्या काही वर्षांत ओळखीचे आठ-दहा व्यापारी आणि कारागीर बंधू आमचे घर पाहून गेले आणि प्रत्येकाने एकच सवाल केला : "एवढा खर्च केलात, मग पाडून स्लॅबच का नाही टाकला?" दर वेळी चहावर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेले बरे.

घर विजापूर वेशीच्या बाजूला, आजोबांनी बांधलेले. दगड-मातीच्या अडीच फुटी भिंती, सागवानी खांब, तुळया आणि वर मातीचे माळवद. रुंदी अठरा फूट, खोली साठ फूट. पुढे बैठकीची मोठी खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणाच्या पार टोकाला संडास. जुन्या काळात संडास घरापासून जितका दूर तितका चांगला, कारण तो टोपलीचा होता. पुढे टोपली गेली, ड्रेनेज आले, पण जागा तीच राहिली. अशी घरे सोलापुरात, उस्मानाबादेकडे, लातूरकडे हजारोंनी आहेत. वाचकांपैकी अनेकांचे बालपण त्यात गेले असेल.

२०१८ च्या नोव्हेंबरात फजरच्या आधी अम्मी अंगणाच्या पायरीवर घसरल्या. मनगट मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. दवाखान्यातून परत आल्यावर एवढेच म्हणाल्या, "अंधेरे में कित्ता चलूं, बेटा?" आम्ही त्या दिवशी प्रथमच मोजले. त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंत एक्केचाळीस पावले, तीन पायऱ्या आणि दोन उंबरे. जाऊन-येऊन ब्याऐंशी पावले. दिवसातून सात-आठ वेळा. आम्ही दुकानात चादरीचा इंच न् इंच मोजणारे लोक, आणि स्वतःच्या आईची पावले पन्नास वर्षांत मोजली नव्हती. शरम वाटली, ती लपवून काय उपयोग?

भाईजानचे मत ठाम होते : पाडा. तीन मजली इमारत, खाली दोन गाळे. मत चुकीचे नव्हते. पण पाडल्यावर दीड-दोन वर्षे भाड्याच्या घरात राहायचे, अम्मींना त्या वयात जिने चढायला लावायचे, आणि पैसा? व्याजाचे कर्ज आम्हाला घ्यायचे नव्हते. म्हणजे तो दुकानाच्या भांडवलातूनच येणार. ज्याने हंगामात उधारीवर माल सोडला आहे त्याला ठाऊक आहे की गल्ल्यातून एकदा काढलेला पैसा सहसा गल्ल्यात परत येत नाही. दुसरी गोष्ट, घर अजून आजोबांच्या नावावर. दोन फुफ्या, तीन बहिणी, सगळ्यांचे हिस्से. पाडायचे तर आधी वाटणी, आणि वाटणी म्हटली की वर्षे जातात.

मशवरा झाला तो असा की आधी पाहू, या घराला नक्की काय झाले आहे.

आमच्या बेगम आणि सूनबाईंनी एक काम केले, जे आम्हाला सुचले नव्हते. माजघराच्या भिंतीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली, गाठी मोजताना आम्ही ओढतो तशा. पाण्यासाठी अंगणात गेले की एक रेघ. दार उघडायला पुढे आले की एक. दिवसा माजघरात दिवा लावला की एक. आठ दिवसांनी आम्हाला बोलावून भिंत दाखवली. पाण्याच्या रेघा दिवसाला तीस-बत्तीस होत्या. आणि बैठकीच्या खोलीपुढे आठवड्यात दोनच. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात हवेशीर खोली, तिच्यात सोफा, काचेचे कपाट, कपाटात न वापरलेला चहाचा सेट. वर्षातून वीस दिवसही ती उघडत नसेल. ईद, एखादे लग्न, एखादा मुंबईचा पार्टीवाला. घरची नऊ माणसे मागच्या अंधाऱ्या अर्ध्या भागात, आणि पुढचा अर्धा भाग न येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखलेला. अम्मींच्या पलंगाखाली टॉवेलच्या गाठी ठेवलेल्या, ते वेगळेच.

तेव्हा ठरले की घर पाडायचे नाही, पाहुण्यांकडून घरच्यांकडे वळवायचे.

पण त्याआधी माळवदाची गोष्ट. हा भाग जरा लांबण लावून सांगतो, कारण माणसे याच ठिकाणी चुकतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्हाला चांगली आठवते. आम्ही तेव्हा एकवीस वर्षांचे. भांडी वाजली, माती डोळ्यांत पडली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. सोलापूर वाचले. किल्लारी, सास्तूरकडे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. हजारो माणसे झोपेतच गेली, आणि बहुतेक ठिकाणी मारणारा होता तो दगडाच्या भिंतीचा आणि डोक्यावरच्या मातीचा भार. त्यानंतर 'माळवद म्हणजे मौत' असे लोकांच्या मनात बसले. पण भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामात नवी गावे वसवण्याबरोबर उभ्या असलेल्या जुन्या घरांची मजबुती करणे हाही एक भाग होता, हे कमी लोकांच्या लक्षात आहे. त्या काळी त्या कामावर असलेला एक म्हातारा गवंडी आम्हाला मिळाला. त्याने वर चढून पहार मारली आणि म्हणाला, "मालक, तुमचे घर जुने नाही, जड झाले आहे."

झाले असे होते : दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा एक थर द्यायचा, म्हणजे गळत नाही. जुनी माती कोणी काढत नाही, नवी टाकतात. आजोबांनी घातली असेल नऊ इंच, मधोमध मोजली तर बावीस इंच निघाली. एक घनफूट मातीचे वजन साधारण ४५ किलो धरा. दहा बाय बाराच्या एका खोलीवर बावीस इंच माती म्हणजे जवळजवळ दहा टन. शंभर किलोची एक गाठ धरली तर शंभर गाठी डोक्यावर ठेवून आम्ही रोज झोपत होतो. ओली झाली की त्याहून जास्त.

२०१९ च्या जानेवारीत, चादरीचा हंगाम उतरल्यावर, माती उतरवायला सुरुवात केली. गवंड्याने दोन गोष्टी बजावल्या. तुळयांखाली आधी बल्ल्यांचे टेकू द्यायचे, आणि माती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उकरत जायची नाही. सगळ्या खोलीवरून सारखी, थराथराने काढायची. नाहीतर वजन एका अंगाला राहते आणि तुळई जागा सोडते. सोळा इंच माती काढली. ट्रॅक्टरच्या किती खेपा झाल्या ते मोजणे आम्ही मध्येच सोडून दिले. चौदा तुळयांपैकी दोन वाळवीने पोखरलेल्या निघाल्या. त्या जागी जुन्या पाडलेल्या वाड्यातले सागवान आणून बसवले, नव्यापेक्षा स्वस्त आणि पक्के. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे टेकू ठोकले, भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारे दगड बसवले, म्हणजे भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकाला धरून राहते. मग जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर सहा इंच माती नीट चोपून, पन्हाळीकडे उतार देऊन, आणि वर चुन्याचा पांढरा हात. माती पूर्ण काढून पत्रा मारावा असे काहींनी सुचवले. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढलेल्या माणसाने हे सुचवलेले नसावे.

माळवदावर पाण्याची टाकी मात्र ठेवू नये, कोणी कितीही सांगितले तरी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, साठवण तर लागतेच. म्हणून अंगणात स्वतंत्र चार खांब उभारून टाकी त्यावर घेतली, आणि जमिनीतला जुना हौद उपसून, घासून पुन्हा वापरात आणला. स्वयंपाकघरात नळ आला. पाण्याच्या रेघा भिंतीवरून गेल्या.

बैठकीच्या खोलीचे दोन भाग केले. पुढचा लहान भाग माणसांच्या बसण्याला, मागचा अम्मींना. त्यांच्या खोलीला लागून संडास, न्हाणी आणि वजूची जागा. पलंगापासून सात पावले. वजूसाठी सोळा इंच उंचीचा ओटा बांधला, समोर नळ, बाजूला भिंतीत पक्का धरायला दांडा. उंबरा नाही. दरवाजा बाहेर उघडणारा, कारण म्हातारे माणूस आत पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. सांडपाण्याची पाइप मागच्या अंगणाऐवजी पुढच्या रस्त्याकडे नेली. दर चार फुटांना इंचभर उतार मिळतो का, हे खोदण्याआधी पाण्याची नळी धरून तपासले होते. हे आधी तपासले नाही तर सगळे बांधून झाल्यावर रडायची वेळ येते.

माजघरातल्या अंधाराचे कारण सोपे निघाले. दोन्ही बाजूंचे शेजारी वर चढले तशा आमच्या खिडक्या बंद झाल्या, आणि छतातले सवणे गळते म्हणून वडिलांनी त्यावर पत्रा ठोकला होता. पत्रा काढला, कडा उंच बांधून वर जाड काच बसवली. आता दिवसा दिवा लागत नाही. सूनबाईंची शिलाई मशीन तिथेच आली आहे, आणि नॅपकिनच्या काठाचे काम जे बाहेर जात होते त्यातले थोडे घरात होते. हा फायदा आम्ही हिशेबात धरलाच नव्हता.

आता चुका. एका ठेकेदाराचे ऐकून मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही. सगळे खरवडून चुन्याचा गिलावा केला, म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे. न्हाणीत चकचकीत टाइल बसवली, ज्या पडण्यातून हे सगळे सुरू झाले त्याचीच तयारी! ती उखडून खडबडीत शहाबादी टाकली. आणि स्वयंपाकाचा ओटा मिस्त्रीने सवयीने छत्तीस इंच बांधायला घेतला होता. बेगमनी काम थांबवले. उभे राहून कोपराची उंची मोजायची आणि चार इंच कमी करायचे, हा त्यांचा हिशेब. ओटा बत्तीस इंच झाला. मिस्त्री म्हणाला, "असा कोणी बांधत नाही." बेगम म्हणाल्या, "इथे रोज उभी मी राहणार, तुम्ही नाही."

खर्चाचा अंदाज साडेचार लाख होता, झाला सहा लाख दहा हजार. तेव्हा सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. पण जास्तीचा पैसा सिमेंटात नाही, आमच्या घाईत गेला. एक गोष्ट बरी केली : घराचे खाते दुकानाच्या वहीत मिसळले नाही. वेगळी वही, रोज रात्री नोंद. माती आणि लाकडाचे काम मजुरीच्या हजेरीवर, कारण आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसते. नळ, विजेचे काम ठेक्यावर.

आणि काम सुरू करण्याआधी बहिणींना, फुफ्यांना घरी बोलावले. सिटी सर्व्हेचा उतारा समोर ठेवला. स्टॅम्प पेपरवर लिहून काढले की हा खर्च आम्ही आमच्या मर्जीने, अम्मींसाठी करत आहोत. त्यामुळे कोणाचा हिस्सा तोळाभरही कमी-जास्त होणार नाही. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. एका बहिणीला वाईट वाटले, "भावात आणि बहिणीत कागद कशाला?" आम्ही म्हणालो, धंद्यात सख्ख्या भावाचीही पावती ठेवतो, ती भांडण नको म्हणून. समाजात किती जुनी घरे केवळ या कागदाअभावी कोर्टात कुजत पडली आहेत, ते कोणत्याही पेठेत फिरून पाहावे.

गाठी आता भाड्याच्या गोदामात. महिन्याचे भाडे जाते, पण सुती माल आणि झोपलेली माणसे एका छताखाली असणे बरे नव्हे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि नऊच्या नऊ माणसे महिनोन्‌महिने त्याच घरात राहिली. दुकान बंद, मुले घरात, रमजानही घरातच गेला. जुन्या रचनेत ते दिवस कसे गेले असते, याचा विचार आम्ही करत नाही.

सोफा विकला. काचेचे कपाट राहिले. ईदला बहिणी येतात तेव्हा पुढच्या खोलीत जागा कमी पडते, मग सगळे आपसूक माजघरात सवण्याखाली सतरंजीवर बसतात. भाईजान अजूनही म्हणतात की पाडायला हवे होते. मागच्या महिन्यात मात्र त्यांनी आमच्याकडून मोजपट्टी नेली आहे. त्यांच्या फ्लॅटमध्ये वहिनींना गुडघ्याचा त्रास सुरू झाला आहे, आणि तिथे न्हाणीच्या दाराला चार इंचांचा उंबरा आहे.