पर्यवेक्षक-चिप आणि स्मृतीचे संरक्षण

आमच्या विभागातील एका जुन्या नोंदयंत्रात मालवणी बोलीचे शब्द साठविलेले होते. स्मृतीला आधार देणारी बॅटरी उत्तम स्थितीत होती. तरीही एकदा वीज जाऊन आल्यावर अनेक नोंदी भ्रष्ट झालेल्या आढळल्या. बॅटरी शाबूत असता नोंदी का नासाव्यात? या प्रश्नाचे उत्तर भाषाभ्यासकांसही उपयुक्त ठरेल, म्हणून ते येथे थोडक्यात मांडले आहे.

वीज जाते तेव्हा यंत्रातील विद्युद्दाब एकाएकी शून्यावर येत नाही. धारित्रांमधील साठा संपत जातो तसतसा तो उतरतो. ५ व्होल्टांवर चालणाऱ्या मायक्रोप्रोसेसरच्या अचूक कार्याची हमी सामान्यतः ४.५ व्होल्टांपर्यंतच असते. त्याखाली तो लगेच थांबतो असे नव्हे. तो चुकीच्या आज्ञा पाळू लागतो व स्मृतीत भलत्या ठिकाणी भलतेच लिहू शकतो. बॅटरी स्मृतीत जे असेल ते राखते; ते शुद्ध की अशुद्ध, हे तिला कळत नाही. आमच्या बॅटरीने चुकाच इमानाने जतन केल्या होत्या.

हा दोष टाळण्यासाठी पर्यवेक्षक-चिप योजतात. २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झालेल्या मॅक्सिम कंपनीची ‘मॅक्स ६९१ए’ ही चिप उदाहरणादाखल घेऊ. दाब सुमारे ४.६५ व्होल्टांखाली जाताच ती प्रोसेसरला ‘रिसेट’ अवस्थेत रोखून धरते आणि त्याच वेळी स्मृतीकडे जाणारा निवड-संकेत बंद करते. त्यामुळे लेखनाचा मार्गच खुंटतो. दाब आणखी उतरून बॅटरीच्याही खाली गेला, म्हणजे स्मृतीचा पुरवठा ३ व्होल्टांच्या लिथियम बॅटरीवर वळविला जातो. स्थिर स्मृतीच्या अनेक चिपांना नोंदी टिकविण्यास २ व्होल्टही पुरतात. वीज परतल्यावर रिसेट लगेच उठत नाही. पुरवठा स्थिरावावा म्हणून सुमारे २०० मिलिसेकंद थांबावे लागते.

याखेरीज दोन कामे उरतात. नियामकापूर्वीचा दाब अगोदर घसरतो. त्यावर लक्ष ठेवून चिप पूर्वसूचना देते, व प्रोसेसरला चालू नोंद पुरी करण्यास अवधी मिळतो. दुसरे काम पहारेकऱ्याचे, म्हणजे ‘वॉचडॉग’चे. सुमारे १.६ सेकंदांत प्रोसेसरकडून खूण आली नाही, तर तो अडकला असे समजून चिप त्याला नव्याने आरंभ करावयास लावते.

तात्पर्य, स्मृती जिवंत ठेवणे आणि ती शुद्ध ठेवणे ही दोन निराळी कामे होत. बॅटरी पहिले करते. दुसऱ्यासाठी पर्यवेक्षक लागतो. आमच्या यंत्रात तो नव्हता. नासलेल्या नोंदींपैकी काही शब्द पुन्हा मिळविता आले. परंतु काहींचे निवेदक आता हयात नाहीत. तेव्हा क्षेत्रकार्यासाठी यंत्र निवडताना बॅटरी आहे काय, एवढेच विचारून थांबू नये; दाब उतरत असताना लेखन कोण रोखते, हेही अवश्य विचारावे.