सामायिक कामांत माणसांची जोड

एकट्याच्या शेतांतील काम चुकलें तर एकाचें नुकसान होतें. दहाजणांच्या पाटाचें काम चुकलें तर दहाजणांचें नुकसान होऊन शिवाय गांवांत तंटा उभा राहतो. नाला खोल करणें, तळ्यांतील गाळ काढणें, सामायिक विहिरीवर पंप बसविणें, अशीं कामें उन्हाळ्यांत उत्साहानें सुरू होतात आणि त्यांपैकीं कित्येक अर्ध्यावर राहतात. पैसा कमी पडला, असें कारण बहुधा सांगण्यांत येतें. परंतु आमच्या मतें पैसा संपण्यापूर्वींच माणसें तुटलेलीं असतात. सबब माणसें जोडून कशीं ठेवावीं, याचा थोडा विचार सभासद बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

याचा धडा घेण्यास दूर जावयास नको. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे सामान्यतः तीनचार फड पाडीत. एका फडांत एकच पीक घेत, आणि यंदा कोणत्या फडांत काय लावावयाचें हें पंच ठरवीत. बहुतेक खातेदारांची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी अपुरें असेल त्या वर्षीं एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळें तूट सर्वांच्या वांट्यास येई. पाटाच्या शेवटास असलेल्या गरिबाच्याच माथीं ती बसत नसे.

या पद्धतींतील माणसांची नेमणूक विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. खातेदार आपल्या शेतास स्वतः पाणी देत नसे. तें काम पाटकऱ्याचें. पाटकऱ्यांवर देखरेख हवालदाराची, उभ्या पिकाची राखण जागल्याची. या सर्वांचा मोबदला खातेदार मिळून धान्यानें किंवा रोख देत. पाटाची वार्षिक साफसफाई खातेदारांच्याच अंगमेहनतीनें किंवा वर्गणीनें होई. तात्पर्य, ज्याला पाणी घ्यावयाचें आहे त्याच्याच हातीं तें वांटण्याचें काम देऊं नये, आणि प्रत्येक कामास एक जबाबदार मनुष्य असावा. सर्वांचें म्हणून सोडलेलें काम कोणाचेंच राहत नाहीं.

अलीकडील उदाहरण पुरंदर तालुक्यांतील नायगांवचें. 1972 च्या दुष्काळानंतर तेथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. पाणी जमिनीच्या आकारावर न देतां माणशीं अर्धा एकर व कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकर या हिशेबानें द्यावयाचें; भूमिहीनासही वांटा; ऊस लावावयाचा नाहीं; आणि खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः भरावयाचा, असे तेथील नियम होते. नियम आधीं ठरले, पाणी मागून आलें. पाणी आल्यावर नियम करूं लागलें असतां जो बळकट त्याचाच नियम होतो.

आतां रोजच्या कामाविषयीं. महसुली दप्तरांत हजेरीपट व मोजमापें हाताळतांना आम्हांस असें दिसलें कीं, मजूर कष्टास भीत नाहीं, तो फसवणुकीस भितो. म्हणून मोजमाप टोळीच्या देखत करावें. 10 फूट लांब, 10 फूट रुंद व 1 फूट खोल म्हणजे 100 घनफूट, अर्थात् एक ब्रास. खोलीचा वाद होऊं नये म्हणून खड्ड्याच्या मध्यें मूळ जमिनीचा एक खांब राखून ठेवावा व मोजमाप लिहून झाल्यावरच तो काढावा. मऊ माती व कठीण मुरूम यांचा दर एक धरूं नये. माती किती लांब टाकावयाची तें अंतरही हिशेबांत घ्यावें. खणणारे, भरणारे व वाहणारे यांचें प्रमाण सकाळींच जुळवावें, नाहीं तर दोघे घाम गाळतात व चौघे रिकामी पाटी घेऊन उभे राहतात. म्हाताऱ्या माणसांस टोळींतून वगळूं नये. पाणी पाजणें, हत्यारांस धार लावून आणणें, लहान मुलें संभाळणें हींही कामेंच आहेत.

जमाखर्च दर आठवड्यास बाजाराच्या आदल्या दिवशीं चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवावा. शंका विचारणारास शत्रु समजूं नये; त्यानें तेथें विचारलें नाहीं तर तो पारावर बोलेल, आणि पारावरच्या बोलण्यास उत्तर देतां येत नाहीं. तंटा मिटविणारे पंच तंट्यापूर्वीं नेमावे व त्यांत पाटाच्या शेवटचा एक तरी शेतकरी अवश्य असावा.

कुदळ उचलण्यापूर्वीं एक संध्याकाळ या गोष्टींस दिली तर पुढील अनेक दिवस वांचतील, अशी आमची खात्री आहे. यंदा सामायिक काम काढणाऱ्या सभासदांनीं आपले नियम एका कागदावर लिहून, सर्वांच्या सह्या व अंगठे घेऊन, मगच कामाचा नारळ फोडावा, इतकीच विनंती.