आई रडेल म्हणून सांगितलं नाही



आमच्या गावात मेडिकल कॉलेजची मुलं-मुली येतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता अभ्यासाचाच भाग म्हणून काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. त्यातल्या सहा जणांना आम्ही बचत गटाच्या बैठकीला बसवून घेतलं. हप्ते जमा झाले, चहा झाला, आणि गटातल्या एका वहिनींनी विचारलं, "कोमातल्या माणसाचे अवयव काढून घेतात, हे खरं का?"

अवयवदान चांगलं, हे सहाही जणांनी लगेच सांगितलं. पण कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक सांगताना अडखळले. "हा कायदा आम्हाला पुढे न्यायवैद्यकशास्त्रात आहे," एक जण म्हणाला. "तुमच्यापैकी फॉर्म कोणी भरलाय?" आम्ही विचारलं. एका मुलीनं हात वर केला. "घरी सांगितलंस?" "नाही. आई रडेल."

आम्हाला हसू आलं नाही. आपलीही गत तीच आहे. दान चांगलं म्हणतो, पण आपल्या घरात तो विषय काढत नाही.

पुढच्या खेपेला मुलं आपल्या सरांना विचारून आली. त्यांनी सांगितलं ते असं. कोमातला माणूस जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. त्याचे अवयव असे काढत नाहीत. मेंदूमृत्यू वेगळा. अपघातात डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, की कधी कधी मेंदूचं काम कायमचं थांबतं. व्हेंटिलेटरमुळे छाती हलत राहते, हृदय काही काळ चालतं, अंग गरम लागतं. म्हणून तर घरच्यांना पटत नाही. पण तो माणूस परत येत नाही.

यासाठी १९९४ चा कायदा आहे. चार डॉक्टर तपासण्या करतात, आणि किमान सहा तासांनी त्या पुन्हा करतात. अवयव बसवणाऱ्या पथकातला डॉक्टर त्या चौघांत नसतो. अशा एका माणसाच्या दोन मूत्रपिंडं, यकृत, हृदय, फुप्फुसं, स्वादुपिंड आणि आतडं यांतून आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात. घरी मृत्यू झाला तर हे अवयव देता येत नाहीत, पण सहा तासांच्या आत डोळे देता येतात. देह नीट शिवून अंत्यविधीसाठी परत मिळतो.

आता बायकांच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. नवऱ्याला, मुलाला, भावाला मूत्रपिंड हवं असलं की नजर आधी आपल्याकडे वळते. प्रेमानं देणाऱ्या बाईला आमचा नमस्कारच. पण मृत्यूनंतरचं दान वाढलं, तर कितीतरी जणींवर ती वेळ येणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच. दवाखान्याच्या दारात, रडण्याच्या गोंधळात, 'त्यांची इच्छा काय होती' हे कोणालाच ठाऊक नसेल, तर घरचे नाहीच म्हणणार. त्यांचा तरी काय दोष? कार्ड पाकिटात राहतं आणि इच्छा मनात.

त्या मुलीनं मग सुट्टीत घरी सांगितलं. आई रडली. 'जेवताना असलं बोलू नकोस,' म्हणाली. अजून ती राजी नाही. पण आता तिला लेकीची इच्छा माहीत आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. जेवणं आटोपली की घरात एकदा सांगा, आपल्याला काय वाटतं ते. सासूबाईंना विचारा, नवऱ्याला विचारा, लेकीचंही ऐका. अधिक माहितीसाठी राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेचा, म्हणजे नोटोचा, मोफत क्रमांक आहे : १८००११४७७०. आधार कार्डावरून ऑनलाइन नोंदही करता येते.

पण नोंदीच्या आधी घरात बोला.