शेणांतील वायूवर मोटार

दिल्लींतील डिझेलच्या बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानें २००२ अखेर दाबलेल्या नैसर्गिक वायूवर आणल्या गेल्या. ह्या वायूची काजळी अत्यल्प. डिझेलची मात्र फुप्फुसांत खोल बसते. परंतु हा वायु भूगर्भांतील, म्हणून सरणारा. गोबरगॅसमध्यें तोच मिथेन निम्म्याहून अधिक असतो. शुद्ध करून दाबून भरल्यास त्यावर मोटार चालते आणि उरलेली स्लरी शेतास खत होते. गोवरी जाळल्यास तें खत जातें. मात्र गळती घातक. शंभर वर्षांच्या हिशेबानें मिथेन तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षां सुमारें २८ पट उष्णता धरतो. शुद्धीकरणाचें यंत्र एकट्यास पेलणारें नाहीं. यास्तव शेतकरीबंधूंनीं गांवचें शेण एकत्र करून हें काम सहकारानें हातीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें.